ऑफिसातले सगळेच खोट्या वजावटी दाखवतात, मग मीच कशाला सरळ राहू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मुलुंडचे एक वाचक, वय 38, लोअर परळच्या एका खासगी कंपनीत नोकरीला. वर्षाचा पगार 15 लाख. त्यात मूळ वेतन 6 लाख आणि एचआरए (घरभाडे भत्ता) 3 लाख. राहतं घर निवृत्त वडिलांच्या नावावर, वडिलांची पेन्शन वर्षाला साधारण 5 लाख. आईवडील, पत्नी, मुलगी असे सगळे एकत्र राहतात. सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी 2024-25 या वर्षाचं रिटर्न एका एजंटकडे दिलं. त्याने राजकीय पक्षाला 2 लाखांची देणगी दिल्याचं दाखवलं. प्रत्यक्षात एक रुपयाही दिलेला नव्हता. 62,400 रुपये रिफंड आला, त्यातले 20 टक्के एजंटने घेतले. आता अशा खोट्या दाव्यांवरच्या कारवाईच्या बातम्या वाचून त्यांची झोप उडाली आहे. ऑफिसातले म्हणतात, ‘काही होत नाही.’ पत्नी म्हणते, ‘मोठे लोक कोट्यवधी बुडवतात, तुम्हीच कशाला घाबरता?’ आणि एजंट म्हणतो, यंदा वडिलांना भाडं दिल्याचं दाखवू. वाचकांचे प्रश्न तीन: वडिलांना भाडं देणं हीही लबाडीच का? झालं ते कसं निस्तरायचं? आणि सरळ राहण्याचा मक्ता पगारदारानेच घेतलाय का?

---

नमस्कार,

तुम्ही आकडे मोकळेपणाने कळवलेत हे फार बरं झालं, कारण तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांतच आहे. ‘खोटं दाखवलं म्हणून पैसे वाचले’ हे तुम्ही धरून चालला आहात. ते खरं आहे का, एवढं आधी तपासू या.

2024-25 मध्ये तुम्ही जुनी कररचना निवडली होती, म्हणजे वजावटी जास्त पण कराचे दरही चढे. (नव्या रचनेत दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत.) 15 लाखांतून प्रमाणित वजावट 50,000, व्यवसाय कर 2,500, 80सी कलमाखाली (पीएफ, विमा अशी बचत) 1,50,000 आणि मेडिक्लेमचे 25,000 गेले, की करपात्र उत्पन्न 12,72,500 उरतं. त्यावर सेस (उपकर) धरून कर 2,02,020 रुपये, आणि तेवढा तुमच्या पगारातून कापलाही गेला. एजंटने 2 लाखांची देणगी घुसवली, कर 1,39,620 वर आला आणि फरकाचे 62,400 तुमच्या खात्यात जमा झाले.

आता त्याच वर्षी, त्याच पगारावर, रिटर्न भरताना नवी कररचना निवडली असती तर? 15 लाखांतून फक्त 75,000 ची प्रमाणित वजावट. बाकी काही दाखवायचं नाही, एक पावती जोडायची नाही. करपात्र उत्पन्न 14,25,000, कर 1,25,000, सेस धरून 1,30,000 रुपये. म्हणजे खोटी देणगी दाखवूनही तुम्ही जितका कर भरलात, त्यापेक्षा 9,620 रुपये कमी कर अगदी सरळ मार्गाने भरता आला असता. एजंटला दिलेले 12,480 वाचले असते ते वेगळेच. त्याने हा हिशेब केलाच नाही. येणाऱ्या प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये तो तेच एक कलम ठोकतो. तुमचा पगार आणि तुमचं घर समोर ठेवून विचार करायला त्याला वेळ नाही.

‘प्रामाणिकपणा परवडत नाही’ हे वाक्य मुंबईच्या लोकलमध्ये रोज ऐकू येतं. तुमच्या पगाराच्या टप्प्यात ते बहुतेकदा आकडेमोड न करताच बोललेलं असतं.

आता भाड्याचा प्रश्न. नाही, वडिलांना भाडं देणं ही लबाडी नाही. घर वडिलांच्या मालकीचं आहे, तुम्ही तिथे राहता आणि भाडं खरोखर देता, तर एचआरएची सवलत तुमच्या हक्काची आहे. नातं आड येत नाही. कायदा बघतो ते एवढंच, की व्यवहार खरा घडला का. 2017 मध्ये मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणासमोर मुलीने आईला भाडं दिल्याचं प्रकरण आलं होतं. भाडं रोखीत दिल्याचा दावा होता, आणि मुलगी त्या घरात खरोखर राहत होती याचा पुरावा नव्हता. सवलत नाकारली गेली. नात्यात भाडं देण्याला न्यायाधिकरणाने बंदी घातलेली नाही; व्यवहार खरा वाटला नाही म्हणून सवलत गेली.

खरा व्यवहार कसा दिसतो? दर महिन्याला भाडं तुमच्या बँक खात्यातून वडिलांच्या खात्यात जातं आणि तिथेच राहतं, वडील ते आपल्या मनाप्रमाणे खर्च करतात. 5 तारखेला 25,000 गेले आणि 8 तारखेला ‘घरखर्च’ म्हणून 24,000 परत आले, तर बँकेचा उतारा बघणाऱ्या अधिकाऱ्याला आणखी काही विचारायची गरजच पडत नाही. अशी प्रकरणं अडकतात ती इथेच. त्याच्या खालोखाल दुसरी चूक म्हणजे मार्चमध्ये एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेल्या बारा पावत्या.

कागद असा करा. लीव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा, आणि महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. ती ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, म्हणजे 25,000 भाड्याच्या 11 महिन्यांच्या कराराला सुमारे 700 रुपये, शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर असेल तर कंपनीला वडिलांचा पॅन द्यावा लागतो. म्हणजे ते भाडं वडिलांच्या नावावर दिसणार, आणि त्यांनी ते स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवायलाच हवं. त्यांना 30 टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे 3 लाखांतले 2,10,000 करपात्र. पेन्शन मिळवली तरी 7 लाखांच्या आसपास, आणि 2025-26 च्या नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंत रिबेट (करमाफी) असल्याने त्यांना कर शून्य. मात्र रिटर्न भरावं लागेल. घराच्या करारावर सहमालक म्हणून तुमचंही नाव असेल तर हे सगळं इथेच थांबवा. स्वतःच्याच घराचं भाडं दाखवणं टिकायचं नाही.

एवढं सगळं चोख केलंत तर एचआरएची सवलत किती मिळेल? तीन आकड्यांतला सर्वांत लहान धरायचा: मिळालेला एचआरए 3,00,000, दिलेलं भाडं वजा मूळ वेतनाचे 10 टक्के, म्हणजे 2,40,000, आणि मुंबईसाठी मूळ वेतनाचा निम्मा भाग, 3,00,000. म्हणजे सवलत 2,40,000. ती धरून 2025-26 साठी जुन्या कररचनेत तुमचा कर येतो 1,27,140 रुपये. नव्या कररचनेत, काहीही न करता, 97,500. तेव्हा वडिलांना भाडं देण्यात गैर काही नाही, पण कर वाचवण्यासाठी तुम्हाला त्याचा उपयोगही नाही. 15 लाख पगाराला जुनी कररचना परवडायला एकूण वजावटी साधारण 5 लाख 94 हजारांच्या वर जायला हव्यात. गृहकर्जाचं व्याज आणि मोठं भाडं दोन्ही असलेल्यांनाच ते जमतं. (दरमहा 50,000 च्या वर भाडं देणाऱ्या इतर वाचकांनी लक्षात ठेवावं: भाड्यातून 2 टक्के टीडीएस (आगाऊ करकपात) कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूची आहे. हे हमखास राहून जातं.)

आता तुमच्या पत्नीच्या प्रश्नाकडे येतो. तो झटकून टाकण्यासारखा नाही. पगारदाराचा कर हातात पैसे पडायच्या आधीच कापला जातो. डॉक्टर किंवा वकील ठरावीक मर्यादेपर्यंतच्या जमेपैकी निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवू शकतो, हिशेबाच्या वह्याही न ठेवता. तुम्हाला 75,000 ची वजावट. रोखीत धंदा करणाऱ्याचं उत्पन्न त्याने सांगितलं तेवढंच दिसतं. ही असमानता खरी आहे आणि तिचा राग येणं रास्त आहे.

पण ‘मोठे लोक बुडवतात’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. 2007 चा व्होडाफोनचा व्यवहार घ्या. व्होडाफोनने केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर विकत घेतला आणि त्यातून भारतातल्या मोबाइल कंपनीचा ताबा तिच्या हातात आला. व्यवहार परदेशात झाला, म्हणून भारतात कर लागत नाही, असं तिचं म्हणणं. आयकर विभागाने सुमारे 11,000 कोटींची मागणी केली. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालय विभागाच्या बाजूने उभं राहिलं, जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्याच वर्षी सरकारने कायदा पूर्वलक्षी बदलला आणि 2021 मध्ये तो बदल मागे घेतला. एवढी वर्षं भांडण चाललं ते कायद्याच्या अर्थावर. व्यवहार झाला होता हे कोणी नाकारत नव्हतं. त्या पळवाटेबद्दल माझं मत प्रतिकूलच आहे: ज्याच्याकडे महागडे वकील त्याला पळवाट, हा न्याय नव्हे. तरी ती पळवाट उघड्यावर होती, म्हणून तिच्यावर वाद घालता आला, कायदा बदलता आला. तुमच्या रिटर्नमधल्या 2 लाखांच्या देणगीवर वाद घालण्यासारखं काही नाही. ती घडलेलीच नाही.

आणि पळवाटा बुजतात, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. 2021 पासून वर्षाला अडीच लाखांच्या वर हप्ता असलेल्या नव्या युलिपची (गुंतवणुकीची जोड असलेल्या विम्याची) करमुक्ती गेली, भविष्यनिर्वाह निधीत कर्मचाऱ्याने भरलेल्या अडीच लाखांवरच्या रकमेचं व्याज करपात्र झालं. घर विकून आलेला नफा दुसऱ्या घरात घालून कर टाळायला पूर्वी वरची मर्यादा नव्हती. कोट्यवधींचे फ्लॅट घेणाऱ्यांनाच त्याचा खरा लाभ होता. 2023 च्या अर्थसंकल्पात तिथे 10 कोटींची मर्यादा आली. केवळ कर टाळण्यासाठी रचलेले व्यवहार बाद ठरवणारा ‘गार’ नियम 1 एप्रिल 2017 पासून लागू आहे, आणि 3 कोटींपर्यंतच्या करलाभाला तो लागूच होत नाही. तो तुमच्या-आमच्यासाठी केलेला नाही.

‘कर भरून मिळतं काय, खड्डे?’ हेही तुमच्या ऑफिसात म्हटलं जात असणार. आयकर केंद्राकडे जातो, त्यातला वाटा राज्यांना मिळतो. मुलुंडच्या रस्त्याचे पैसे महापालिका देते. तिचं मोठं उत्पन्न जकात होतं. ती 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर बंद झाली आणि बदल्यात राज्याकडून भरपाई मिळू लागली. शिवाय मालमत्ता कर आहेच. तेव्हा आयकर लपवल्याने कंत्राटदाराला काही फरक पडत नाही. खड्ड्याचा राग टी वॉर्डाच्या कार्यालयात न्या, फोटो आणि तक्रार क्रमांकासह, आणि नगरसेवकाचा पिच्छा सोडू नका. तिथे तो कामी येईल.

‘काही होत नाही’ हे मात्र आता खरं राहिलेलं नाही. रिटर्नमध्ये राजकीय देणगीची तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड भरावा लागतो. पक्षांनाही 20,000 रुपयांवरच्या देणग्यांचा तपशील निवडणूक आयोगाला द्यावा लागतो. तुमचे 2 लाख त्या यादीत नसणार, आणि एजंटने टाकलेला व्यवहार क्रमांक तुमच्या बँकेत सापडणार नाही. 14 जुलै 2025 पासून आयकर विभागाने अशा एजंटांवर देशभर तपासणी सुरू केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी रिटर्न दुरुस्त करून 1,045 कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचं विभागाने तेव्हा जाहीर केलं. 

मग आता करायचं काय? आयकर विभागाच्या पोर्टलवर आज रात्रीच लॉगिन करा आणि पासवर्ड बदला. प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाइल कोणाचा आहे ते बघा. हे एजंट एकाच कामचलाऊ ईमेलवरून ढिगाने रिटर्न भरतात आणि नंतर तो ईमेल सोडून देतात. नोटीस तिथेच पडून राहते आणि करदात्याला पत्ता नसतो. दोन्ही स्वतःचे करा. मग ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘ई-प्रोसीडिंग्ज’ उघडून त्या वर्षाची नोटीस आली आहे का ते तपासा. भरलेल्या रिटर्नची प्रत उतरवून ओळीओळीने वाचा. देणगीशिवाय आणखी काही घातलेलं असण्याची शक्यता बरीच असते: न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, घरात नसलेलं अपंगत्व, नसलेला आजार.

नोटीस आलेली नसेल, तर तुमच्यापुढे रस्ता आहे तो अद्ययावत रिटर्नचा, म्हणजे आयटीआर-यू. सुधारित रिटर्नची 31 डिसेंबर 2025 ची मुदत गेली. अद्ययावत रिटर्न संबंधित कर निर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष, तुमच्यासाठी 2025-26) संपल्यापासून 48 महिने भरता येतं, पण उशिराची किंमत चढत जाते: पहिल्या 12 महिन्यांत कर आणि व्याजावर 25 टक्के जादा, मग 50, 60 आणि 70. तुमच्यासाठी 25 टक्क्यांची मुदत 31 मार्च 2027 ला संपते. व्याज सोडून हिशेब असा: 62,400 परत, त्यावर 15,600, एकूण 78,000. व्याज त्यात मिळवायचं. खटकेल, कारण एजंटचं कमिशन वजा जाता तुमच्या हाती जेमतेम 49,920 आले होते. पण विभागाने आधी पकडलं, तर चुकीची माहिती दिल्याबद्दल दंड कराच्या 200 टक्के, म्हणजे 1,24,800. मूळ कर धरून 1,87,200, शिवाय व्याज. जाणूनबुजून खोटं निवेदन करणं हा फौजदारी गुन्हाही आहे.

इथे तुमच्या मनात येईल, की अद्ययावत रिटर्नमध्ये नवी कररचना निवडून 1,30,000 च भरावेत. ते चालत नाही. आधीच्या रिटर्नपेक्षा कर कमी होईल किंवा रिफंड वाढेल असं अद्ययावत रिटर्न भरताच येत नाही. तो पर्याय हातचा गेला.

नोटीस आली असेल तर मात्र स्वतः काही भरू नका. मुदतीच्या आत सीएकडून उत्तर द्या, आणि त्या उत्तरात देणगीचं समर्थन करू नका. बनावट पावती ‘मॅनेज’ करून देतो असं एजंट म्हणेल. ती जोडलीत तर एका चुकीच्या दाव्याचं बनावट कागदपत्राचं प्रकरण होईल.

सीए निवडताना एक खूण पुरे: रिफंडच्या टक्केवारीवर फी मागणारा नको. सीएंच्या आचारसंहितेत रिटर्नसाठी अशी फी घ्यायला मनाईच आहे. ठरावीक रक्कम सांगेल त्याच्याकडे जा. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, पण तुमचं वर्ष जुन्या 1961 च्या कायद्याखालीच येतं, हेही त्याच्याशी बोलताना ध्यानात असू द्या.

ऑफिसातल्या मित्रांना उपदेश करायला जाऊ नका, ऐकणार नाहीत. त्यांच्या फॉर्म 16 चे आकडे घ्या, पोर्टलवरच्या टॅक्स कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही कररचना शेजारी-शेजारी दाखवा. एजंटचं कमिशन वजा केल्यावर काय उरतं ते त्यांनाच दिसेल.

याच धर्तीचं आणखी एक दुखणं अनेक पत्रांत असतं, म्हणून दोन ओळी. फ्लॅट घेताना ‘थोडे कॅशमध्ये’ देऊन मुद्रांक शुल्क वाचवणारे पुढचा हिशेब करत नाहीत. 20 लाख रोखीत दिले तर मुंबईत 6 टक्क्यांनी 1,20,000 वाचतात. पण विकताना खरेदी किंमत 20 लाखांनी कमी धरली जाते, आणि 12.5 टक्क्यांनी अडीच लाखांचा जादा भांडवली नफा कर बसतो. विकणाऱ्याला तर घरासाठी 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची बंदीच आहे. पकडला गेला तर दंड घेतलेल्या रकमेइतका.

शेवटचं, तुमच्या आयटीआर-यू बद्दल. एका वर्षासाठी ते एकदाच भरता येतं, दुसरी संधी नाही. म्हणून भरण्याआधी पोर्टलवरून एआयएस (विभागाकडे असलेल्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण) उतरवून घ्या आणि एफडीचं व्याज, बचत खात्याचं व्याज, विकलेले शेअर किंवा म्युच्युअल फंड, सगळं ताडून पाहा. राहिलेलं असेल ते याच वेळी घाला. कर आधी भरा, चलनाचा तपशील फॉर्ममध्ये टाका, त्याशिवाय ते ग्राह्य धरलं जात नाही. सादर केल्यावर 30 दिवसांच्या आत आधार ओटीपीने पडताळणी करा. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतोय ना, तेवढं बघा.